तात्यांच्या काचा कुणी बदलल्या?

१

तात्यांच्या चष्म्यात तात्यांच्या काचा नव्हत्या.

प्रमोदिनीनं चष्मा तोंडाजवळ धरला, काचेवर हलकेच वाफ सोडली आणि ती विरायच्या आत डोळे बारीक करून कडेला पाहिलं. चांगल्या काचेच्या दोन्ही कडांना केसाहून बारीक खूण कोरलेली असते. एरवी ती दिसत नाही, वाफ धरली की उमटते. इथं वाफ आली आणि गेली. दुसऱ्या काचेवरही तोच प्रकार. मग तिनं चष्मा नंबर बघायच्या यंत्राखाली ठेवला. तात्यांचे दोन्ही डोळे जवळजवळ सारख्या नंबराचे. या चष्म्यात मात्र उजवी काच एका गावाला आणि डावी दुसऱ्या गावाला.

"काय मॅडम, बोलती बंद झाली न्हवं?" काउंटरपलीकडून विजयसिंह म्हणाला.

विजयसिंह म्हणजे तात्यांचा थोरला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत यंत्रांच्या धडधडाटात माणसं राबवायची सवय, त्यामुळे साधं बोलला तरी ते महाद्वार रोडपर्यंत ऐकू जायचं. त्याच्या मागं स्टुलावर तात्या बसले होते. नाव गणपतराव, पण जुन्या कोल्हापुरात कुठल्याही तालमीत 'वस्ताद' म्हटलं की निम्मी माणसं त्यांच्याच घराकडं बोट दाखवायची. आज उजवा हात गळ्यात बांधलेला, नजर स्वतःच्या पायताणावर.

"या काचा मी बसवलेल्या नाहीत," प्रमोदिनी म्हणाली.

"मग काय भुतानं बसवल्या? चांगल्या काचा म्हणून दुकान हुडकत आलो. जिन्यात पाय चुकला, दोन पायऱ्या खाली आले आमचं तात्या. दोन म्हणून निभावलं." विजयसिंहाचा आवाज तिथं जरा अडकला. "आता बास. तालीम बंद, एसटीनं हिंडणं बंद. एकट्यानं उंबरा ओलांडायचा न्हाई."

प्रमोदिनीनं तात्यांचे डोळे पुन्हा तपासले. नंबर होता तिथंच होता. विजयसिंहानं मान हलवली. यंत्र तुमचं, बोलणं तुमचं, म्हणाला. खोट काचेत होती हे तिनं दाखवून दिलं तर तात्या मोकळे. नाही तर डोळेच गेले असं घर धरून चालणार. रविवारपर्यंत वाट बघतो, मग तात्या घरात आणि तुमच्या दुकानाचं नाव गल्लीगल्लीत, इतकं सांगून तो थांबला.

"तात्या," प्रमोदिनीनं विचारलं, "चष्मा कुणाच्या हातात दिला होता का?"

"न्हाय," तात्या म्हणाले. प्रश्न पुरता संपायच्या आधीच म्हणाले. आणि ज्या माणसानं आयुष्यभर समोरच्याच्या डोळ्यात बघून कुस्ती केली, त्यानं तिच्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

२

तो चष्मा तिनं ठेवून घेतला आणि तात्यांना कपाटातून त्यांचा जुना दिला. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर पुन्हा समोर घेऊन बसली. राग आला होता. दुकान वडिलांपासूनचं, आणि खोट्या काचेचा आळ या दुकानावर कधी आला नव्हता.

उन्हाळ्याच्या आधी हा चष्मा झाला तेव्हा केवढा कुटाणा झाला होता ते तिला आठवलं. तात्यांची सून संयोगिता मोबाइल घेऊन आलेली. याच काचा इथं निम्म्यात मिळतात, घरपोच येतात, असं तिचं म्हणणं. चूक नव्हतं. पण तात्यांचा उजवा कान कुस्तीत चेचून चेचून सुक्या अंजिरासारखा झालेला. साधी काडी त्या कानावर ठरेच ना. लांबचं-जवळचं दोन्ही एका काचेत असलं की बुबुळासमोर नेमकी जागा यावी लागते. चष्मा बोटभर घसरला की पायरी जिथं दिसते तिथं ती नसते. "काच घरपोच येईल गं," प्रमोदिनी तेव्हा म्हणाली होती, "पण मामंजींचा कान पोस्टानं कसा पाठवशील?" काच कुठल्या कंपनीची हे सगळे विचारतात, माप कुणी घेतलं हे कुणी विचारत नाही. तिनं गरम वाळूत काडी मऊ केली, तात्यांच्या कानाला लावून लावून वाकवली, आरशात बघून तात्या लहान मुलासारखे हसले. आणि जाताना म्हणाले, "हीच आनी येक फ्रेम द्या. रिकामीच. मोडली-बिडली तर असावी."

आता त्याच तपकिरी फ्रेमला मागं काळी दोरी होती. दोन्ही काड्यांच्या टोकांना चिंधी गुंडाळून वर ती दोरी करकचून बांधलेली. आणि नाकावरच्या गादीच्या खाचेत काहीतरी तांबूस. प्रमोदिनीनं टाचणीनं ते कागदावर काढलं. माती होती, आखाड्यातली तेलकट लाल माती.

संध्याकाळी ती तात्यांच्या घरी गेली. तात्या आत पडले होते. संयोगितानं चहा टाकला, पण कप जरा आपटूनच ठेवला.

"मी बदलल्या म्हणून आलाय का विचारायला? स्वस्तातला चष्मा मीच काढला व्हता ना मोबाइलवर."

"तू बदलल्या असत्यास तर चहा दिला नसतास," प्रमोदिनी म्हणाली. "मला एवढंच सांग, हे सुरू कधी झालं?"

संयोगिता बसली. मग मोकळं बोलली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि जीव लावायची, ते बोलण्यातून कळत होतं. मामा दर सोमवारी जयसिंगपूरला जायचे. कुणी वैद्य आहे, गुडघ्याला तेल लावतो. पंचाहत्तरी झाल्यापासून एसटी फुकट, त्यामुळे कुणाला काही मागावं लागत नव्हतं. सासूबाई गेल्यापासून मामा गप्प गप्प असायचे, पण सोमवारी परत आले की घरात शीळ ऐकू यायची.

"आणि त्या सोमवारी?"

"शीळ घालत आले. मग दोरी मागितली. चष्मा सैल झालाय म्हणाले. मी म्हटलं, मी बांधते. तर हातातनं चष्मा हिसकावून घेतला बघा, ताई. मामांनी आजवर माझ्या हातातनं काय हिसकावलं न्हाई. आणि मंगळवारी जिन्यात पडले."

३

तालमीच्या दारात प्रमोदिनी चपला काढून उभी राहिली. आत पोरं जोर मारत होती. आता मुलीही येतात, त्यामुळे बाईमाणूस दारात दिसलं म्हणून कुणी थबकलं नाही. फक्त धैर्यशील तेवढा घाम पुसत बाहेर आला. तात्यांचा पठ्ठा, आता तालमीचा कारभार त्याच्याकडं. तात्या घरी बसले तर या तालमीत वस्ताद म्हणून एकटा तोच उरणार होता, हे प्रमोदिनीच्या मनात येऊन गेलं. त्याच्याही मनात आलेलं असावं.

"लोक काय म्हणत्यात मला ठावं हाय," तो म्हणाला. "म्हातारा गेला की धैर्यशीलचं फावलं. खरं सांगू ताई? ती खुर्ची बघा."

मातीच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची होती. पोरं तिला वळसा घालून जात होती.

"पडल्यापास्नं रिकामी हाय. कुणी बसत न्हाई. मी बी न्हाई. पोरानं डाव चुकवला की मी आधी तिकडं बगतो, आता शिवी यील म्हणून. न्हाई आली की कसंतरीच हुतंय."

प्रमोदिनीनं कागदाची पुडी उघडली. "ही माती त्यांच्या चष्म्यात सापडली."

धैर्यशीलनं चिमूट घेतली, कपाळाला लावली, मग म्हणाला, "कशी असंल? तात्या मातीत उतरत न्हाईत आता. किती वर्सं झाली. खुर्चीवर बसत्यात, तितनंच बोलत्यात. मातीला हात लावायचा म्हटलं तर कपाळाला लावण्यापुरता."

"चष्मा खाली पडला असेल."

"वस्तादाची वस्तू मातीत पडली तर धा पोरं उचलाया धावतील. मला कळलं असतं."

"मग दुसऱ्या तालमीत जात असतील?"

धैर्यशील हसला. असं काही विचारायचं नसतं, असं ते हसणं होतं. "ताई, माणूस घर बदलंल, तालीम बदलत न्हाई. तात्या दुसऱ्या आखाड्यात पाय ठेवतील? जीव गेला तरी न्हाय."

प्रमोदिनी परतली ती डोकं गरगरतच. माणूस मातीत उतरत नाही, आणि चष्म्यात माती आहे. वैद्य गुडघ्याला तेल लावतो, आणि गुडघ्यापेक्षा चष्मा लपवावा लागतो. तिनं दुकान उघडलं, दिवा लावला आणि ती काळी दोरी सोडायला घेतली.

४

चिंधी सुटली तशी तिनं काडी दिव्याखाली धरली.

आयुष्य काचेच्या धंद्यात गेलं की माणूस काचेवरच अडकतो. दोन दिवस ती काच पाहत होती. वाफ सोडत होती, नंबर काढत होती, कोणी काढली, कोणी बसवली, कुठल्या कारागिरानं, असं सतरा ठिकाणी डोकं लावत होती. आणि उत्तर काडीवर होतं, चिंधीखाली.

तात्यांचा फुटलेला कान उजवा. काडी तिनं उजवी वाकवली होती, स्वतःच्या हातानं. या चष्म्याची उजवी काडी कपाटातल्या नव्या फ्रेमसारखी सरळ होती. वाकवलेली होती ती डावी. आणि चांगली वाकवली होती. ज्यानं वाकवली त्यानं समोर कान ठेवून, निगुतीनं काम केलं होतं. फुटलेल्या कानासाठीच ती वळणं होती. तात्यांच्या कानावर ही ठरणार कशी? म्हणून दोरी. आणि काडी कुणाला दिसू नये म्हणून चिंधी.

म्हणजे काचा कुणी बदलल्याच नव्हत्या. अख्खा चष्माच दुसऱ्याचा होता.

फ्रेम तीच, रंग तोच, कारण ती दुसरी फ्रेम तात्यांनीच इथून नेली होती. मोडली-बिडली तर असावी म्हणून नव्हे. कुणाला तरी देण्यासाठी. त्या माणसानं ती आपल्या जवळच्या गावात नेऊन स्वतःच्या नंबराच्या काचा घालून घेतल्या. मग एका सोमवारी दोन सारखे चष्मे एका जागी ठेवले गेले, आणि उचलताना अदलाबदल झाली. चष्मे कधी काढून ठेवतात? झोपताना, तोंड धुताना. आणि पैलवान मातीत उतरताना.

तिनं धैर्यशीलला फोन लावला. "डावा कान फुटलेला, उजवा धड. तात्यांच्या वयाचा पैलवान. आहे कोण असा?"

"डावा म्हंजे डावखुरा गडी," धैर्यशील म्हणाला. पलीकडं पोरांच्या शड्डूचे आवाज येत होते, ते आता लांब गेले. "ताई, असा येकच व्हता. त्येचं नाव आमच्या तालमीत घेत न्हाईत."

५

नाव केरबा. शिरोळचा. तात्या आणि केरबा एकाच तालमीत, एकाच ताटात जेवून वाढलेले. एकमेकांच्या लग्नात दोघं आपणच नवरदेव असल्यासारखे मिरवलेले. पुढं एका जत्रेच्या मैदानात विजयसिंहाची मोठी कुस्ती लागली. तेव्हा तो कोवळा होता, सगळ्या तालमीची आशा त्याच्यावर. पंच होता केरबा. त्यानं विजयसिंह चीत झाल्याचा निकाल दिला. खांदा टेकलाच नव्हता, असं विजयसिंह ओरडत राहिला. तालीम खवळली. तात्यांनी सगळ्यांसमोर आखाड्यातली माती मुठीत घेतली आणि केरबाचं तोंड पुन्हा बघणार नाही म्हणून शपथ घेतली. विजयसिंह त्यानंतर मातीत उतरला नाही.

शनिवारी विजयसिंह कामावर गेल्यावर प्रमोदिनी तात्यांच्या उशाशी जाऊन बसली. चष्मा चादरीवर ठेवला, चिंधी काढलेला.

तात्यांनी डाव्या काडीवरून बोट फिरवलं. "घावलं म्हना की तुमाला."

"केरबा पैलवानांना आता कसं दिसत असेल, तुमच्या काचांतून?"

"त्यो बी धडपडत असंल. फोन करावा तर त्येचा नंबर मी ठेवलेला न्हाई. हिंमतच झाली न्हाई ठेवायची."

मग म्हातारा हळूहळू बोलायला लागला. त्यांची बायको अंबूबाई गेली तेव्हा केरबा आला होता. गल्लीच्या तोंडाला उभा राहिला. आत आला नाही, कारण शपथ तात्यांची असली तरी पाळायची दोघांनी असते. तिथूनच हात जोडले आणि गेला. तात्यांनी ते पाहिलं. तेराव्यानंतर पहिली शिरोळची एसटी त्यांनी धरली ती न सांगता. केरबानं गोठ्यामागं लहानसा आखाडा केलाय. ऊसवाल्यांच्या ट्रॅक्टरनं लाल माती आणून टाकलीय. दोघं उतरतात.

"या वयात कुस्ती?" प्रमोदिनीनं विचारलं.

"कुस्ती कसली, बाई. हात धरून हुबं ऱ्हातो. मी जरा रेटतो, त्यो जरा रेटतो. कोन कुनाला पाडत न्हाई. पडलो तर उठवायचं कुनी? त्या दिशी लई घाम आला. चष्मं दोन्ही खिडकीत ठेवलं व्हतं. एसटी चुकंल म्हणून घाईनं उचलला. एसटीत बसल्यावर कळलं."

दुकानावरचा आळ प्रमोदिनी क्षणभर विसरलीच.

"उद्या सांगूया. सांगितलं की सगळं सुटेल. डोळे चांगले आहेत हे कळेल, तालीम सुरू होईल."

"आनी विजूला काय सांगू? तुझ्यासाठी शपथ घेतली, आनी तुझ्यामागं मोडली म्हणून?" तात्यांनी चष्मा तिच्याकडं सरकवला. "डोळंच गेलं म्हणून सांगा. बसतो घरात. तुमच्या दुकानाला बोल लागू देत न्हाई, काचा चांगल्या व्हत्या, म्हाताराच आंधळा झाला, आसं मीच सांगतो समद्यास्नी."

"म्हणजे तालीम नाही, आणि सोमवारही नाही."

तात्या भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "न्हाई तर न्हाई."

६

रविवारी सकाळी दुकान बंदच होतं. अर्धं शटर उघडून प्रमोदिनीनं सगळ्यांना आत घेतलं. विजयसिंह, संयोगिता, धैर्यशील, आणि स्टुलावर तात्या. काउंटरवर पांढऱ्या कापडावर तो चष्मा.

रात्रभर तिनं एकच विचार केला होता. नाव घ्यायचं की नाही. नाव तिचं नव्हतं, गुपित तिचं नव्हतं. पण म्हाताऱ्याला स्वतःच्या हातानं कोंडून घालायचं पापही तिला नको होतं.

"आधी हे बघा," ती म्हणाली. तिनं कपाटातून तात्यांना बसवली होती तसली एक काच आणली, वाफ सोडून खूण दाखवली. मग या चष्म्यावर वाफ सोडून दाखवली. "काचा वेगळ्या आहेत, हे खरं. म्हणून मला वाटलं कुणीतरी बदलल्या. संयोगितावर संशय घेतला, धैर्यशीलवर घेतला. दोघांची माफी मागते. आता काड्या बघा."

तिनं चष्मा तात्यांच्या डोळ्यांवर चढवला, दोरीशिवाय. डावी काडी धडक्या कानावर टोचत वर उचलली गेली, उजवी फुटक्या कानावरून निसटली, आणि चष्मा तिरका होऊन नाकावरून खाली आला. धैर्यशीलनं तो वरच्या वर झेलला.

"तात्यांचा हा चष्मा नव्हेच," विजयसिंह सावकाश म्हणाला.

"नव्हे. तात्यांचा चष्मा दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर आहे. अदलाबदल झाली. अशा उलट्यापालट्या नंबरातून जिना उतरला तर मीही पडेन, तुम्हीही पडाल. तात्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मला सांगायचं होतं ते एवढंच."

"पर हा कुणाचा?"

खोटं प्रमोदिनीला बोलता येत होतं, पण तोंडातून फुटेना. "ज्याचा आहे त्याला मी पोचवते," ती म्हणाली. "बाकी विचारू नका."

विजयसिंहानं चष्मा उचलला. डावी काडी बोटानं चाचपली. कितीही झालं तरी पैलवानाचं पोर. काडीच्या वळणावरून कान त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला असावा. तोंडाचा रंग पालटला.

"डावा कान," तो म्हणाला.

संयोगितानं त्याचा दंड धरला. धैर्यशील खाली बघायला लागला. आता कुणीही काही बोललं नसतं तरी चाललं असतं. आणि तात्या बोलले.

"केरबाचा हाय."

"तुमी जाताय त्येच्याकडं?"

"दर सोमवारी."

"तात्या, तुमी माती हातात घिऊन शपथ घेतलीसा. माझ्यासाठी." एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज त्या जत्रेतल्या पोराचा होता. "माझा खांदा टेकला न्हवता, म्हणून घेतलीसा."

तात्यांनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी कुणाच्या तरी डोळ्यात सरळ बघितलं.

"शपथ तुझ्यासाठीच घेतली, विजू. तू रडत हुतास, मला बघवलं न्हाई," ते म्हणाले. "पर मी मातीच्या कडंलाच बसलो हुतो. तवा माझ्या डोळ्याला नंबर न्हवता."

बाहेरून कुणीतरी शटर वाजवून दुकान उघडं आहे का विचारलं. प्रमोदिनीनं नाही म्हणून सांगितलं. विजयसिंहानं चष्मा कापडात गुंडाळला, खिशात घातला आणि गाडीच्या किल्ल्या हातात घेतल्या. कुठं निघाला ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

दारात तो थांबला. "चला की तात्या," म्हणाला. "ताई, तुमी बी चला. ती वाळू-बिळू काय लागतं ते घ्या."

७

शिरोळच्या वाटेवर दोन्ही बाजूला ऊस उभा होता. प्रमोदिनीच्या मांडीवर काडी तापवायचं भांडं. आपण काय करून बसलो, असं तिला जयसिंगपूर मागं टाकेपर्यंत वाटत होतं.

केरबा पडवीत बसला होता. वाळलेला, लांब हाडाचा म्हातारा. डोळ्यांवर तात्यांचा चष्मा, आणि मागं पायजम्याच्या नाडीनं बांधलेला. गाडी थांबली तसा तो भिंत धरून उभा राहिला. आधी तात्या उतरले, तेव्हा त्याचं तोंड उजळलं. मग दुसऱ्या दारातून विजयसिंह उतरला, आणि म्हाताऱ्यानं हात जोडले. वाद घालायची ताकद आता आपल्यात नाही, असे ते हात होते.

विजयसिंह पायऱ्या चढला. खिशातला चष्मा काढला. केरबाच्या मागची नाडी सोडताना त्याच्या जाड बोटांतून गाठ दोनदा निसटली. मग त्यानं केरबाचा चष्मा केरबाला घातला. डावी काडी त्या फुटक्या कानामागं अलगद जाऊन बसली.

केरबानं पापण्या मिटल्या, उघडल्या. समोरचा माणूस आता नीट दिसत होता.

"विजू न्हवं तू? लई थोराड झालास." मग जपून, चाचपडत विचारावं तसं विचारलं, "खांदा कसा हाय रं?"

विजयसिंह खाली बसला, थेट त्या म्हाताऱ्याच्या पायाशी.

"टेकला व्हता, काका," तो म्हणाला.

केरबानं त्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. तात्या अंगणात पाठमोरे उभे राहून गोठ्यातल्या म्हशी बघत होते, निदान तसं दाखवत होते. प्रमोदिनीनं पदर डोळ्यांना लावला आणि मग कामाला लागली. वाळू तापवली, तात्यांची उजवी काडी या धांदलीत फाकली होती, ती पुन्हा वळवून दिली. तात्यांनी चष्मा घातला, अंगण पाहिलं, पायरी पाहिली आणि कुणाचाही हात न धरता चढून वर आले.

केरबाच्या सुनेनं चहा आणला. दोन्ही म्हातारे शेजारी शेजारी बसले. बोलायला एवढं साठलेलं असून ते म्हशीच्या दुधाबद्दलच बोलत होते. निघायच्या वेळी तात्या उठले, पण पाय घुटमळला. मुलाकडं न बघता, ओट्याच्या दगडाशी बोलावं तसं ते म्हणाले, "उद्या सोमवार हाय."

विजयसिंहानं गाडीची किल्ली बोटात फिरवली. मी सोडतो, असं त्याच्या ओठांवर आलेलं प्रमोदिनीनं पाहिलं. तो ते गिळून म्हणाला,

"किती वाजताची एसटी धरता तुमी?"

"नवाची."

"मग उगं घाई करू नगा. जेवून निघा."